गप्प झालेला सिलिंडर

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. दक्षिणेला चाकण, जिथं गाड्या जुळून बाहेर पडतात. उत्तरेला नाशिक, जिथल्या सातपूरच्या कारखान्यात इंधन फवारणारे इंजेक्टर आणि नोझल गेली पन्नासहून जास्त वर्षं बनताहेत. पश्चिमेकडून माळशेज चढून कल्याणचा माल येतो आणि पूर्वेकडून बेल्ह्याच्या बाजूनं कांदा. इथं पंक्चर निघतं, पाटे बदलतात, रेडिएटरला डाग मिळतो, डिझेलचा पंप खोलून पुन्हा बसवला जातो. फाट्यावरच्या हातांना जमत नाही अशा गोष्टी फार थोड्या. त्यातली एक म्हणजे गाडीतला ॲल्युमिनियमचा तो चपटा डबा, ज्याला मिस्त्री लोक ईसीएम म्हणतात. इंजिनाचा संगणक. तो बिघडला की गाडी दुसऱ्या गाडीला बांधून पुण्याला जाते. मला या डब्याविषयीच लिहायचं आहे, कारण असा एक डबा आम्ही आळ्यातच, घराच्या पडवीत उघडला, त्यातली जळालेली आयसी काढली आणि तिच्या जागी दुसरी बसवली.

गाडी जुनी, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची. ती कांद्याच्या चाळीला लागून उभी असते. एके दिवशी ती सुरू झाली ती थरथरतच. स्टिअरिंग हातात कापत होतं, चढाला दम नव्हता, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास नव्हता. शेवटची ही खूण मिस्त्रीच्या लक्षात आली. ज्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही, तो आलेलं पेट्रोल न जाळता बाहेर टाकतो आणि वास येतो. इथं वास नाही म्हणजे पेट्रोल आलंच नसावं.

“भाऊ, एक सिलिंडर मारत नाहीये. पण प्लग बदलायची घाई करू नका,” तो म्हणाला.

पुढचा तासभर त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. इंजिन चालू ठेवून त्यानं एकेका इंजेक्टरचा जोड काढून पाहिला. पहिल्याचा काढला, इंजिन आणखी अडखळलं. तिसऱ्याचा, चौथ्याचा काढला, तसंच. दुसऱ्याचा काढला तेव्हा इंजिनाला काहीच फरक पडला नाही. जो आधीच गप्प आहे त्याला गप्प करून काय बदलणार? मग त्यानं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरांची अदलाबदल केली. दोष इंजेक्टरात असता तर तो तिसऱ्या सिलिंडरवर गेला असता. तो दुसऱ्यावरच राहिला. मग त्यानं जोडाच्या दोन टोकांमध्ये छोटा एलईडी दिवा लावला. बाकी तीन जोडांवर तो दिवा इंजिनाच्या तालात लुकलुकत होता. दुसऱ्या जोडावर बारा व्होल्टची तार जिवंत होती, पण दिवा काही लागेना.

यातला तर्क समजून घेण्यासारखा आहे. इंजेक्टरला रिलेमार्फत बॅटरीचे बारा व्होल्ट सतत मिळत असतात. त्याची दुसरी तार संगणकाकडे जाते. संगणक ती तार क्षणभर अर्थला जोडतो, इंजेक्टरातली कॉइल जागी होते, सुई उचलली जाते आणि पेट्रोलचा फवारा उडतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत निवांत चालू असताना प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला ४०० फवारे लागतात, म्हणजे सेकंदाला सहा-सात. प्रत्येक फवारा दोन-तीन मिलिसेकंदांचा. गाडी रस्त्यानं ३००० फेऱ्यांवर धावत असेल तर सेकंदाला पंचवीस. एवढ्या वेळा अर्थ जोडायचं आणि तोडायचं काम संगणकाच्या बोर्डावरची एक आयसी करते. ती बिचकली की सिलिंडर उपाशी.

दिवा लागत नाही याची दोन कारणं असू शकतात. एक तर वाटेत तार तुटली असेल, नाहीतर आयसी गेली असेल. मल्टिमीटरनं इंजेक्टरपासून डब्यापर्यंतची तार तपासली. बीप वाजला, तार अखंड. तरी मिस्त्री थांबला नाही. त्यानं तारांच्या जुडग्यावरची काळी टेप सोडायला घेतली आणि डॅशबोर्डामागच्या पत्र्याजवळ पोचल्यावर कारण सापडलं. उंदरानं दोन तारांचं आवरण कुरतडलं होतं. एक बारा व्होल्टची आणि दुसरी नेमकी दुसऱ्या इंजेक्टरची. दोन्ही उघड्या तांब्यानं एकमेकींना टेकल्या होत्या. म्हणजे संगणक तार अर्थला जोडायचा तेव्हा इंजेक्टरातून जाणारा एखाद्या अँपिअरचा प्रवाह सोडून सबंध बॅटरी त्या इवल्याशा आयसीतून अर्थकडे धावली होती. चाळीतल्या कांद्याला लागून गाडी उभी करणाऱ्या आमच्या भागातल्या प्रत्येकानं उंदराच्या या उद्योगाचा हिशेब करायला हवा.

हे कारण सापडणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, असं मला आजही वाटतं. आयसी का जळली ते न शोधता दुसरी बसवली असती तर पहिल्याच चावीला तीही जळाली असती. डॅशबोर्डाखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की तो ‘पी ०२०२’ असा आकडा दाखवतो आणि त्याचा अर्थ ‘दुसऱ्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट’ एवढाच असतो. सर्किट म्हणजे इंजेक्टरही आला, तारही आली आणि आयसीही. पुष्कळ गॅरेजमध्ये आता आकडा वाचला की तपास संपला असं मानतात आणि महागातला भाग बदलतात. आमच्या मिस्त्रीकडे स्कॅनर होता, पण त्याचा विश्वास दिव्यावर, कानांवर आणि अदलाबदलीवर होता.

शहरातल्या एका वर्कशॉपला फोन केला तेव्हा उत्तर आलं, डबा बदलावा लागेल आणि या मॉडेलचा नवा डबा आता येत नाही. जुना घ्यावा तर त्यात दुसरीच अडचण. डब्यात आठ पायांची एक लहान स्मृतिचिप असते. त्या गाडीच्या चावीचा संकेत त्यात साठवलेला असतो. दुसऱ्या गाडीचा डबा आणून लावला तर तो आपली चावी ओळखत नाही आणि इंजिन सुरू होऊ देत नाही. चोरीपासून बचाव म्हणून ही सोय चांगली आहे. पण तिच्यामुळे एका आयसीसाठी सबंध गाडी भंगारात जाण्याची वेळ येते. म्हणून आमचाच डबा दुरुस्त करणं हा सर्वांत सरळ मार्ग होता. चावीची ओळख त्याच्याच पोटात होती.

हा डबा गाडीत आला कशासाठी, हेही सांगायला हवं, कारण आमच्याकडे अजून लोक म्हणतात की कंपन्यांनी गिऱ्हाइकाला अडकवायला तो घातला. मुळात तो हवेसाठी आला. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुरातले तिन्ही विषारी घटक एकाच वेळी निकामी करू शकतो, पण मिश्रण या आकड्याच्या अगदी जवळ असेल तरच. कार्बोरेटर कितीही उत्तम जुळवला तरी थंडीत, चढाला, गर्दीत तो हा आकडा धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी धुरातला ऑक्सिजन सतत मोजणारा सेन्सर हवा आणि त्याच्या मोजमापावरून दर क्षणी फवारा लहानमोठा करणारा कोणीतरी हवा. जर्मनीत बॉशनं १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं आणि १९७९ साली इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा मोट्रॉनिक बीएमडब्ल्यूमध्ये बसवला. आपल्याकडे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींना युरो निकषांची मुदत घालून दिली. २००० साली देशभरातलं शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो, त्यामुळे त्या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्याच होत्या. पाहता पाहता कार्बोरेटरच्या मोटारी इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय झाल्या. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आल्यावर तर नव्या दुचाकींनाही इंजेक्शन आणि संगणक लागला. आज नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणाऱ्या नव्या पिकअपमध्येही तो आहे. तेव्हा या डब्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुरुस्त करणारे हात आपण तयार केले नाहीत, हा दोष आपला.

डब्याचे स्क्रू काढले, कडेचा काळा सीलंट पात्यानं सोडवला आणि बोर्ड बाहेर आला. त्यावर ओलाव्यापासून रक्षण करणारा पारदर्शक थर होता. मधोमध मुख्य प्रोसेसर, एका कोपऱ्यात ती आठ पायांची स्मृतिचिप आणि मोठ्या कनेक्टरच्या जवळ वीस पायांची ती आयसी. चारही इंजेक्टर हीच एकटी सांभाळते. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून इंजेक्टरांकडे जाणाऱ्या चार पायांवर तपासलं. तीन पायांवर जवळजवळ सारखाच आकडा आला, चौथा उघडा. एका आयसीतल्या चार दारांपैकी एक कायमचं बंद झालं होतं. बाकी सबंध डबा ठणठणीत. एक दार बंद पडलं म्हणून अख्खं घर पाडायला सांगितलं होतं आम्हाला!

आता तशीच आयसी कुठून आणायची? अशा आयसींवर पुष्कळदा बाजारातला नंबर नसतो. डबा बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा आकडा छापलेला असतो आणि तो कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. पुण्याला गेलो. तपकीर गल्लीत सोल्डर, फ्लक्स, जळजळीत उष्णता सोसणारी पिवळी टेप, तांब्याची विणलेली वात असं सगळं मिळालं. आयसीच्या बाबतीत मात्र तिथल्या एका जुन्या दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की, याचं नवं म्हणून जे मिळेल ते घासून नंबर छापलेलं असू शकतं, त्यापेक्षा भंगारातला त्याच नंबरचा डबा शोधा. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं गाडीच्या सुट्या भागांच्या ढिगात त्याच नंबरचा, दुसऱ्याच कारणानं मेलेला डबा मिळाला. त्यातल्या आयसीचे चारही पाय मीटरवर सारखे आले. भंगाराला आम्ही फार लवकर भंगार म्हणतो, हे मला त्या दिवशी पटलं.

आणि आता मुख्य गोष्ट. मिस्त्री बोर्डाला हात लावायला तयार नव्हता. “इंजिनाचं काय ते मी सांगतो, या मुंग्यांच्या पायांना मी हात लावणार नाही,” असं त्यानं स्वच्छ सांगितलं. मग फाट्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. त्याचं दुकान आणि मिस्त्रीचं गॅरेज एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. त्याच्याकडे गरम हवेचं एसएमडी मशीन, भिंग, चिमटे, सगळं. रोज तो मोबाइलमधल्या याहून किती तरी बारीक आयसी उचलतो आणि बसवतो. पण गाडीचा बोर्ड त्यानं कधी पाहिला नव्हता आणि कोणी त्याला विचारलंही नव्हतं. तो आला, बोर्ड भिंगाखाली धरला आणि म्हणाला, “काका, हे तर मोबाइलपेक्षा सोपं आहे. पाय केवढे मोठे आहेत बघा. पण खाली तांब्याची पाटी दिसते, ती उष्णता खाणार.”

त्यानं एका नजरेत ओळखलं होतं. या आयसीच्या पोटाखाली धातूची पट्टी असते आणि ती बोर्डाच्या तांब्याला सोल्डर केलेली असते, म्हणजे आयसीतली उष्णता बोर्डात जिरावी. त्यामुळे फक्त पाय तापवून ती निघत नाही. आधी सबंध बोर्ड खालून हळूहळू तापवावा लागतो, मग वरून गरम हवा. घाई करून आयसी उपसली तर खालचा ट्रॅक उखडतो आणि मग बोर्ड गेला. त्यानं शेजारच्या कपॅसिटरांवर आणि प्लॅस्टिकच्या कनेक्टरवर टेप चढवली. मग आयसीच्या पायांवर शिसं असलेला सोल्डर मुद्दाम ओतला. मूळ जोड शिशाविना असेल तर तो २१७ अंशांच्या आसपास वितळतो, तर ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेला सोल्डर १८३ अंशांनाच. दोन्ही मिसळले की वितळण्याचा अंश खाली येतो आणि बोर्डाला कमी सोसावं लागतं. ही युक्ती त्याला कोणी वर्गात शिकवली नव्हती. मोबाइल जळू न देता दुरुस्त करता करता त्याच्या हातांनी ती शोधून काढली होती.

आयसी उचलली गेली. तांब्याच्या वातीनं जागा साफ केली. भंगारातली आयसी तशीच उतरवून घेतली. तिच्यावरचा ठिपका बोर्डावरच्या खुणेशी जुळवला, एक कोपरा पकडला, समोरचा कोपरा पकडला, भिंगातून प्रत्येक पाय आपल्या पट्टीवर बसलाय ना ते पाहिलं, आणि मग फ्लक्स लावून एकेक पाय.

फ्लक्सचा तो धूर उठला आणि मला लहानपणीचा कल्हईवाला आठवला. खड्ड्यात कोळसे, भाता, तापलेलं पितळेचं पातेलं. त्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा आणि क्षणात कथील पातेलंभर चकचकीत पसरायचं. तेव्हा ती जादू वाटायची. आज कळतं की पातेल्यात आणि या बोर्डावर एकच गोष्ट घडते. तांब्यावर हवेनं चढवलेला काळपट थर असेपर्यंत कथील त्याला धरत नाही, गोळी होऊन घरंगळतं. नवसागर तो थर खातो आणि कथील तांब्याला बिलगतं. बोर्डावर हे काम राळ करते. फरक एकच, पण तो जीवघेणा. नवसागर मागे जे क्षार ठेवतो ते पातेल्यातून धुऊन जातात, बोर्डावर राहिले तर महिन्या-दोन महिन्यांत ट्रॅक हिरवे पडून तुटतात. रेडिएटर झाळणारे जस्त विरघळवलेलं तेजाब वापरतात, तेही बोर्डाच्या जवळ आणू नये. बोर्डाला राळच हवी. कल्हईवाले आमच्या गावांतून गेले, स्टीलच्या भांड्यांनी त्यांचं काम संपवलं. त्यांच्या हातांतलं ज्ञान मात्र संपलेलं नाही. ते मोबाइलच्या दुकानातल्या पोराच्या हातांत आलं आहे आणि त्या पोराला त्याचा पत्ता नाही.

जोड नीट बसला की त्यावर उजेड चमकतो आणि कड पायाला हळुवार चढत गेलेली दिसते. मंद, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर. आज चालेल, खड्ड्यांच्या रस्त्यावर हादरे बसून उद्या सुटेल. त्या पोरानं दोन पाय पुन्हा तापवले. मग बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला, वाळवला, वरचा थर पुन्हा चढवला. मिस्त्रीनं तोवर उंदरानं खाल्लेल्या तारा वेगवेगळ्या करून त्यांवर नळी चढवली होती. बॅटरीची निगेटिव्ह काढलेलीच होती. डबा जागेवर लावला, निगेटिव्ह पुन्हा जोडली, इंजेक्टरांच्या जोडांवर चार एलईडी लावले आणि चावी फिरवली. स्टार्टरवर इंजिन फिरताच चारही दिवे लुकलुकले. दुसराही. मग दिवे काढून जोड लावले. गाडी एका दमात सुरू झाली आणि स्टिअरिंगची थरथर गेली.

मिस्त्री आणि तो पोरगा एकमेकांकडे पाहत होते. मिस्त्रीला इंजिन काय मागतं ते कळतं. पोराला आयसी कशी उचलायची ते कळतं. फाट्यावर इतकी वर्षं दोघं एकाच टपरीवर चहा घेतात आणि त्या दोघांच्या ज्ञानाची गाठ कधी पडली नव्हती. मला वाटतं, आमच्या भागाकडे या बाबतीत काहीच कमी नाही. सगळं आहे, पण अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. ज्याला आपण पुण्याचं काम म्हणतो ते पुष्कळदा आपल्याच दोन दुकानांच्या मधलं काम असतं.

हे कुठं लिहितोय, तर आळ्यात. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे आणि महाराष्ट्रभरातून माणसं इथं माथा टेकवायला येतात. लहानपणापासून ही कथा ऐकत आलेल्या गावानं तरी, ज्याला वाचा नाही असं ठरवून टाकलंय त्याच्यापुढं हात टेकू नयेत. आणि दुसऱ्या बाजूला, इथून थोड्याच अंतरावर खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. अशा कामात बोर्डावरचा एखादा कच्चा जोडसुद्धा आकाशातला आवाज बुडवून टाकू शकतो. दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं प्रदर्शन भरतं. जुन्नर-आंबेगावच्या शाळांमधली मुलं आपापले प्रकल्प घेऊन जातात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. त्याच मुलांपैकी कोणी पुढं आयटीआयला जातो, मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेतो आणि गाडीतल्या डब्यापुढे मात्र ‘हे आपलं काम नाही’ म्हणून थांबतो. हे मला पटत नाही.

काही जबाबदाऱ्या इथंच सांगितल्या पाहिजेत. एअरबॅग आणि ब्रेकच्या एबीएसचे डबे घरच्या टेबलावर उघडू नयेत. तिथली चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. दुरुस्तीच्या नावाखाली डब्यातला मजकूर बदलून धूर वाढवणं ही दुरुस्ती नव्हे. आमची गाडी दुरुस्तीनंतर पीयूसीच्या तपासणीत व्यवस्थित उतरली, तेव्हाच मी हे काम झालं असं मानलं. जे होतं तेच परत मिळवायचं, याला दुरुस्ती म्हणतात.

आणि कंपन्यांकडूनही मागायला हवं. वायरिंगचे नकाशे कसेबसे मिळतात, पण डब्याच्या आतला नकाशा बाहेर येत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ सालीच गाडी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना द्यायला भाग पाडणारा कायदा केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारंही आहेत, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट. पण पोर्टलवर माहिती असणं आणि फाट्यावरच्या मिस्त्रीला ती मराठीत मिळणं यांत अजून पुष्कळ अंतर आहे. २०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा एकेका चिपसाठी मोटार कारखान्यांना उत्पादन आवरावं लागलं. एका लहान चिपची किंमत कारखान्यांना तेव्हा कळली. ऐन हंगामात, टोमॅटो तोडून ठेवलेले असताना ज्याची पिकअप बंद पडते, त्या शेतकऱ्याला ती आधीपासून ठाऊक आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या आयटीआयमधल्या शिक्षकांनी मोटार मेकॅनिकच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस एकाच टेबलाशी बसवावं. टेबलावर भंगारातले ईसीएम ठेवावेत, एक भिंग, एक मल्टिमीटर, गरम हवेचं मशीन आणि राळेची डबी. फाट्यावरच्या गॅरेजवाल्यांनी मेलेले डबे भंगारात न देता या मुलांना द्यावेत. आणि ज्या घरात अशी गाडी बंद पडून आहे, त्यांनी नवा डबा मागवण्याआधी एकदा विचारावं की आत नेमकं काय जळलं आहे आणि ते कशामुळे जळलं.